चादर आधी चादर असू दे

अरे,

काल लॉ कॉलेज रोडला टपरीवर तू लॅपटॉप उघडून नातं विरण्यावरच्या तुझ्या अ‍ॅनिमेशन फिल्मचं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे चित्रांचा कच्चा हलता आराखडा, दाखवलंस आणि मी काही न बोलता चहा संपवून निघाले. रात्री झोप नाही लागली, म्हणून आज सकाळीच हे लिहितेय.

तीन मिनिटांत तू सुकलेला गुलाब दाखवलास, थांबलेलं घड्याळ, तुटलेला धागा, काचेवरचा पाऊस, आणि मध्येच अकरा सेकंद दोघं गच्चीवर चादरीची घडी घालतात. बाकीचं काढ. सगळं काढ. ती अकरा सेकंदच तुझी फिल्म आहे आणि तुलाच ते दिसत नाहीये, याचा मला राग आलाय.

चादरीची घडी घालायची तर दोघांना जवळ यावंच लागतं रे, टोकं जुळवताना बोटाला बोट लागतं, मग खालची दुमड उचलून परत मागे. आधी ते हसत करतात, मग सवयीने, मग तो फोन कानाला लावून एका हाताने टोक देतो, आणि शेवटी ती एकटीच, कड हनुवटीखाली दाबून, हात पुरत नसतानाही. कापड विरतं तसं नातं विरतं, हे आपल्या भाषेत आहेच, तू वरून काय सांगणार? फक्त चादर आधी चादर असू दे. तुझी रुमालासारखी उडतेय, वजनच नाही तिला. सोलापुरी चादर झटकून बघ, लाट हातापासून निघते आणि ती मध्यावर पोचेपर्यंत हात खाली आलेले असतात. मगाशी शेजारच्या काकूंना घेऊन गच्चीत घडी घातली, मोबाईलवर मोजलं, पहिली दुमड चार सेकंद. म्हणजे सेकंदाला २४ धरून ९६ फ्रेम, टूजवर, म्हणजे दोन फ्रेमला एक चित्र असं काढलंस तरी ४८ ड्रॉइंग्ज. तू दहा-बारात उरकलीस. गुलाबाला मात्र किती वेळ दिलास!

मित्रांना कळलं नाही म्हणून तुला व्हॉइस-ओव्हर घालायचाय. मी घातला होता. माझ्या फिल्ममध्ये दोघांच्या मध्ये एक टेबलफॅन होता, मान फिरवत दोघांनाही वारा देणारा, आणि एका रात्री कुणीतरी त्याचं बटण दाबतं, मान एकाच बाजूला थांबते. बास, एवढंच होतं. एका अनुभवी माणसाने सांगितलं की लोकांना समजणार नाही, मी घाबरले, शेवटी बाईच्या आवाजात चार वाक्यं टाकली. स्क्रीनिंगला तो आवाज सुरू झाला आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्स उचलली. तोवर त्या हलल्या नव्हत्या. पंधरा वर्षं झाली, ती पर्स उचललेली मला अजून दिसते. त्यानंतर मी जाहिरातींची कामं घेतली, घर चालवायचं होतं, त्याची मला लाज नाही, तिथेही बिस्किट आधी बिस्किट दिसलं पाहिजे म्हणून भांडलेच मी आणि दोन क्लायंट गमावले. पण स्वतःची फिल्म परत झाली नाही, हेही खरंय.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून एकेक फ्रेम घेत ‘अंकुराची वाढ’ केली. ती बघून त्यांना फिल्मसाठी कर्जाऊ पैसे मिळाले. नुसतं रोप होतं रे ते, वाढणारं! त्याच्यावर कुणी आशा-बिशा लिहिली नव्हती. वाटाणा वाटाणाच राहिला म्हणून माणूस हलला.

तू हुशार आहेस, हात चांगला आहे, उगाच घाबरतोयस. तुझं स्वतःचं काहीतरी संपत आलंय हे मला कळतंय, त्याबद्दल मी विचारणार नाही. ते गुलाबात लपवू नकोस एवढंच.

आणि एक शॉट घे. ओली सोलापुरी चादर पिळायला दोघं लागतात, दोन टोकांना उलटा पीळ देत. एकटं माणूस काय करतं माहितीये? एक टोक गच्चीतल्या नळाला गुंडाळतं आणि दुसरीकडून पिळत बसतं. नळ थोडा हलतो. तो हलण्याचा आवाज नीट रेकॉर्ड कर, आणि व्हॉइस-ओव्हरवालीला आजच फोन करून नको म्हणून सांग.