वाचकांच्या शंका : प्रभूचे येणे आणि आपला पश्चात्ताप

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या मंडळीतील काही कुटुंबांना मोबाइलवर एक व्हिडिओ आला असून त्यात दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील आकड्यांवरून प्रभूच्या येण्याचे वर्ष काढून दाखवले आहे. तो पाहिल्यापासून माझ्या धाकट्या दिरांनी मुलीच्या कॉलेजची फी भरणे थांबवले आहे; ‘आता शिकून काय करायचे?’ असे ते म्हणतात. उपासनेला मात्र ते पूर्वी कधी नव्हते इतके नियमित येऊ लागले आहेत. मग यात वाईट काय, असे घरात विचारले जाते आणि मला उत्तर सुचत नाही. — एक भगिनी, जालना

उत्तर : फी आधी भरावी, एवढे दिरांना स्पष्ट सांगा, शास्त्रचर्चा त्यानंतर करता येईल.

असे हिशेब पूर्वीही पुष्कळ झाले आहेत आणि ते करणारे सगळेच अडाणी होते, असेही नाही. जर्मनीतील लोखाऊ गावचे पाळक मिखाएल श्टीफेल हे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे स्नेही होते आणि पुढे बीजगणितात त्यांनी मोठे नाव मिळवले. पण १९ ऑक्टोबर १५३३ रोजी सकाळी आठ वाजता जगाचा अंत होईल, असे त्यांनी जाहीर केले आणि ल्यूथरने समजावूनही ते मागे हटले नाहीत. गावकऱ्यांनी शेतीची कामे टाकून दिली, जवळचे होते-नव्हते ते उडवले. आठ वाजून गेले आणि पाळकांना अटक झाली. अमेरिकेत विल्यम मिलर यांनी दानीएलाच्या आठव्या अध्यायातील २३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे असे धरून इ. स. पूर्व ४५७ पासून मोजणी केली. त्यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला आणि काहींनी त्या भरवशावर शेतातले पीक काढलेच नाही. अगदी अलीकडे, २०११ मध्ये, हॅरल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून आधी २१ मे आणि तो सरल्यावर २१ ऑक्टोबर अशी तारीख दिली. पुढच्या वर्षी मात्र, तारीख ठरवणे हे आपले पाप होते, असे त्यांनी लेखी कबूल केले. श्टीफेल यांचे गणित कच्चे होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. जे देवाने सांगितलेलेच नाही ते गणिताने काढायला जाणे, हीच मुळात चूक आहे. तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणालाही, पुत्रालाही, ठाऊक नाही, असे मार्काच्या तेराव्या अध्यायात प्रभूने स्वतः सांगून ठेवले आहे.

तुमच्या दिरांसारखी माणसे प्रेषित पौलालाही भेटली होती. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे, अशा वार्तेने थेस्सलनीका येथील मंडळी गडबडून गेली होती आणि त्याच मंडळीत काहीजण कामधंदा सोडून इतरांच्या उठाठेवी करत होते. त्यांना पौलाने लिहिले की, ज्याला काम करायला नको त्याने खाऊही नये. पौलही प्रभूची वाट पाहत होताच, पण हाताने काम करत पाहत होता.

आता उपासनेला येण्याविषयी. भीतीनेही माणूस देवाकडे वळतो आणि ते वाईट नाही. निनवेचे लोक भीतीनेच वळले. तेथे तर योना या संदेष्ट्यानेच नगराच्या नाशाची मुदत सांगितली होती, चाळीस दिवसांची. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा असे फर्मान निघाले, देवाने त्यांची कृत्ये पाहिली आणि नगर वाचले. संतापला तो एकटा योना, कारण सांगितलेले घडले नाही. (तारखा वाटणाऱ्यांमध्ये हा योना पुष्कळदा दिसतो : लोक वाचल्याच्या आनंदापेक्षा आपला शब्द खोटा पडल्याचे दुःख त्यांना मोठे वाटते.) पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर प्रभूच्या येण्यास होणाऱ्या विलंबाचे कारणच पश्चात्ताप हे दिले आहे, कोणाचाही नाश होऊ नये म्हणून तो धीर धरतो. तेव्हा दीर उपासनेला येतात याचा आनंद माना, पण पश्चात्तापाची खूण केवळ हजेरीत शोधू नका. मुलीच्या वाट्याचे जे अडवून ठेवले आहे ते त्यांनी सोडले, की काही बदलले असे म्हणता येईल.

प्रश्न : आधार क्रमांक किंवा बोटांचे ठसे देणे म्हणजे श्वापदाची खूण घेणे होय काय? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील खूण श्वापदाच्या उपासनेशी जोडलेली आहे. सरकारी ओळखपत्र घेताना कोणी कोणाची उपासना करत नाही. त्या श्वापदाचा ६६६ हा आकडा अनेक अभ्यासकांच्या मते रोमी बादशहा नेरो याच्याकडे निर्देश करतो, कारण त्याचे नाव इब्री अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या की तेवढीच बेरीज येते. त्याच पुस्तकात देवाच्या सेवकांच्या कपाळावरही शिक्का आहे, पण तो आरशात शोधायला कोणी जात नाही.

प्रश्न : माझे वडील अनेक वर्षे चर्चची पायरी चढले नाहीत. शेवटच्या आजारात त्यांनी आपण होऊन फादरना बोलावले, पापनिवेदन केले आणि शेवटचे संस्कार घेतले. ‘मरताना सगळेच घाबरतात, त्याला पश्चात्ताप म्हणत नाहीत,’ असे एक नातेवाईक म्हणाले. ते मनातून जात नाही. — एक वाचक, वसई

उत्तर : वधस्तंभावरील चोराजवळ काही तासच उरले होते. कोणाचे काही परत करणे, देवळात जाणे, यातले काहीच त्याच्या हाती नव्हते; आपण भोगतो ते आपल्या कर्मांचे योग्य फळ आहे, एवढे त्याने कबूल केले आणि येशूकडे आपली आठवण ठेवण्याची विनंती केली. त्याला त्याच दिवसाचे वचन मिळाले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळायला तासभर असताना कामावर आलेल्यांना पूर्ण मजुरी मिळाली तेव्हा कुरकुर केली ती सकाळपासून राबलेल्यांनी. तुमच्या नातेवाइकांचे बोलणे मला त्या जातीचे वाटते. वडिलांसाठी मिस्सा (कॅथलिक उपासना) अर्पण करत असाल तर करत राहा. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, परंतु शेवटच्या घटकेची क्षमा खरी असते, याविषयी दोन्हीकडे एकमत आहे.

प्रश्न : वडील वारल्यावर बँकेच्या कर्जाचे कागद आहेत असे सांगून मी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही करून घेतली. तिचे नाव सातबाऱ्यावरून गेले. पुढे माझे तारण झाले, बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताच्या रक्ताने सर्व पाप धुतले गेले, आता मागचे उकरू नये, असे एका वडीलधाऱ्या बंधूंनी सांगितले. तरी प्रभूच्या येण्यावर उपदेश झाला की मी मान वर करू शकत नाही. — एक बंधू, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : बंधू, तुमची मान वर होत नाही, हे मला चांगले लक्षण वाटते. त्या वडीलधाऱ्यांचे पहिले वाक्य खरे आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला अर्थ खरा नाही. देवाने तुमची क्षमा केली म्हणून बहिणीची जमीन तुमची झाली नाही.

जकातदार जक्कयाची गोष्ट तुम्ही अनेकदा ऐकली असेल. तिच्यातला क्रम पाहा. प्रभू आधी त्याच्या घरी आला, कोणतीही अट न घालता. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणाला की, माझे अर्धे द्रव्य मी दरिद्र्यांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. म्हणजे परतफेड करून त्याने क्षमा विकत घेतली नाही, पण क्षमा करणारा घरात आल्यावर लुबाडलेला पैसा त्याला घरात ठेवता येईना. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही ‘आम्ही काय करावे?’ असे विचारणाऱ्या जकातदारांना, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, असे व्यवहारातले उत्तर दिले. ल्यूथरच्या १५१७ मधील ९५ प्रबंधांपैकी पहिलाच सांगतो की विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. बाप्तिस्म्याच्या दिवशी तो उरकून टाकण्याची सोय तेथेही नाही.

सुरुवात वकिलापासून करू नका. आधी बहिणीकडे जा, शक्य तर मेहुण्यांच्या समक्ष, आणि कागद कर्जाचे नव्हते, मी खोटे बोललो, असे या शब्दांत सांगा. ‘काही गैरसमज झाला असेल’ अशी सारवासारव नको. ती रागावेल, कदाचित दारातूनच परत पाठवील, आणि तसा तिला अधिकार आहे. क्षमा करणे हे ख्रिस्ती बहिणीचे कर्तव्य आहे, असे तिला तुम्ही तर मुळीच सुनावू नये. त्यानंतर तिचा हिस्सा तिच्या नावे करण्यासाठी कोणता दस्त योग्य, हे वकिलाला विचारून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर तिचे नाव लागेपर्यंत पाठपुरावा तुम्हीच करा. मुद्रांक शुल्क आणि इतर खर्च तुमचा. इतक्या वर्षांच्या पिकाच्या उत्पन्नातही तिचा वाटा निघतो. तो किती, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, तिच्यासोबत बसून ठरवा.