मे महिन्यातले अठरा किलोओहम

प्रश्न : काका, मी चाळीसगावला कॉलेजात आहे. इलेक्ट्रिक गिटार साधीच, पण हंबकरवाली (दोन कॉइलचे पिकअप). मेटल वाजवतो, ट्यूनिंग ड्रॉप सी, म्हणजे तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या. अँपचा गेन (आवाज फाडणारा नॉब) वाढवला की जाड तारेवरच्या रिफचा (पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याचा) नुसता चिखल होतो आणि वाजवणं थांबवलं की शिट्टी सुरू. ब्रिजला १६-१७ किलोओहमचा पिकअप टाकावा म्हणतोय. जास्त ओहम म्हणजे जास्त ताकद ना?

उत्तर : नाही रे भो. पिकअप म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं; ओहमचा आकडा म्हणजे त्या तारेचा नुसता रोध, कापसाच्या गाडीचं वजन. रुईचा उतारा त्यावरून कळत नाही.

भुसावळला माझ्या टेबलावर सीमोर डंकन कंपनीचा जेबी पिकअप पडलेला असतो. कागदावर १६.४ किलोओहम. मेमध्ये भर दुपारी मीटर लावला तर १८ दाखवतो, डिसेंबरच्या सकाळी १६ च्याही खाली. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, मग एवढा फरक पडणारच. म्हणून काय उन्हाळ्यात तो जास्त जोरात वाजतो? शिवाय तार बारीक वापरली की तेवढ्याच वेढ्यांत ओहम वाढतात.

चुंबक बघ. जेबीत अल्निको ५. त्याच कंपनीचा डिस्टॉर्शन १६.६ चा, म्हणजे आकड्याने सख्खा शेजारी, पण आत सिरॅमिक. जेबी बारीक तारांवर गातो, सोलोला झकास; ड्रॉप सीला मला तो जाड तारांवर ढिला वाटतो. डिस्टॉर्शनवर तोच रिफ ठाक-ठाक तुटून येतो. तुझ्यासाठी मी तोच घेईन. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ पासून आहे. तो १३-१४ लाच थांबतो, तरी अँपला घाम फोडतो. ईएमजी ८१ चांगलाच, पण तो अॅक्टिव्ह : ९ व्होल्टची बॅटरी बसवायला जागा शोध, ५०० किलोओहमचे पॉट (आवाज-टोनच्या नॉबखालचे) काढून २५ किलोओहमचे टाक, आणि वाजवून झालं की जॅक उपस, नाहीतर बॅटरी विनाकारण उतरत राहते.

पण पैसे काढण्याआधी दोन गोष्टी कर. ड्रॉप सीला ०९ चा बारीक तारांचा सेट लोंबतो आणि अर्धा चिखल तिथलाच असतो, १०-५२ लाव. मग शेवटचा फ्रेट दाबून पिकअप तारेपासून साधारण २ मिमीवर आण. शिट्टीसाठी सगळ्या तारांवर तळहात ठेव. तरी वाजत राहिली तर वेटोळ्यात मेण नीट बसलेलं नाही, पिकअप बदलायचं कारण खरं. थांबली तर गेन कमी कर, बाबा. (कमी गेनमध्ये मेटल होत नाही असं वाटतं, मलाही वाटायचं.)

घ्यायचंच ठरलं तर ब्रिजवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर मोज. डंकनचा साधा ४९ मिमीच्या आसपास, ट्रेमबकर (त्याचाच रुंद प्रकार) ५३ च्या. फ्लॉइड रोज (तारा लॉक करणारा ट्रेमोलो ब्रिज) असेल तर बहुतेक दुसराच लागेल.

आणि वायरींचे रंग. माझी फजिती ऐक. ऑर्केस्ट्रात होतो, हळदीचा कार्यक्रम, आदल्या रात्री डिमार्झिओ बसवला आणि नकाशा वापरला डंकनचा. डंकनमध्ये काळी वायर हॉट, लाल-पांढरी एकत्र. डिमार्झिओत लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र. एक कॉइल उलटी पडली. मंडपात नाकातून बोलल्यासारखा पातळ आवाज, वर सगळा हम (घरघर). हंबकर ज्यासाठी बनला तेच काम बंद. ढोलकीवाला म्हणे, "सर्दी झाली का गिटारला?" सगळा कार्यक्रम पुढच्या पिकअपवर काढला.

तेव्हा डब्यातला कागद फेकू नको. सोल्डरिंगला हात बसला नसेल तर गिटार घेऊन ये. फक्त दुपारी बारा ते चार सोडून, तेव्हा मीच वितळलेला असतो.