लायकोपीन कमी येतंय? प्रमोटरला एवढ्यात हात लावू नका

लायकोपीन, म्हणजे टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, बनवण्यासाठी तुम्ही ई. कोलाय या जिवाणूत पँटोइया या दुसऱ्या जिवाणूचे सीआरटी-ई, सीआरटी-बी आणि सीआरटी-आय हे तीन जीन घातलेत. प्लेटवर वसाहती गुलाबी दिसतात, पण द्रव माध्यमात रंग फिका पडतो, म्हणून जास्त जोरकस प्रमोटर (जीन किती जोरात चालावा हे ठरवणारा डीएनएचा तुकडा) लावायचा विचार आहे.

माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. अडचण बहुधा या जीनपासून बनणाऱ्या तीन एन्झाइमांत नसून त्यांना मिळणाऱ्या कच्च्या मालात आहे. लायकोपीनच्या एका रेणूत 40 कार्बन, म्हणजे पाच-पाच कार्बनचे आठ तुकडे. पेशी ते पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेटपासून तयार करते, तेही स्वतःच्या गरजेपुरतेच. प्रमोटर वाढवलात तर पेशीची ताकद प्रथिनं बनवण्यातच खर्च होईल आणि वाढ मंदावेल. त्यापेक्षा हे तुकडे बनवण्याच्या वाटेवरचे डीएक्सएस आणि आयडीआय हे दोन जीन बेताने वाढवून बघा. 37 ऐवजी 30 अंश तापमान आणि ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल, यांनीही बऱ्याचदा फरक पडतो.

मात्र त्याआधी फायटोईन, म्हणजे लायकोपीनच्या आधीच्या टप्प्यावरचा पदार्थ, साचतंय का ते तपासाच. ते रंगहीन असतं, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. साचत असेल तर त्याचं लायकोपीन करणारं सीआरटी-आय कमी पडतंय, आणि मग त्या एकट्या जीनचा प्रमोटर बदलणं योग्य ठरेल. प्रकाशशोषण मोजलं तर फायटोईन 286 नॅनोमीटरच्या आसपास दिसतं, पण अर्क हेक्झेनमध्ये घ्या. अ‍ॅसिटोन स्वतःच 330 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश शोषून घेतो, त्यात ते दिसणारच नाही.

लायकोपीनसाठी मात्र अ‍ॅसिटोन उत्तम. कल्चर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी खाली बसवा, अ‍ॅसिटोनमध्ये मिसळून 55 अंशांवर 15 मिनिटं अंधारात ठेवा, पुन्हा फिरवा आणि वरच्या द्रवाचं शोषण 474 नॅनोमीटरला मोजा. खालचा गाळ पांढरा पडला पाहिजे. गुलाबी राहिला तर आणखी एकदा काढा. आकडा पेशींच्या कोरड्या वजनामागे मांडा, नाहीतर दाट वाढलेलं कल्चर उगाच सरस वाटतं.

अँटिऑक्सिडंट गुण डीपीपीएच चाचणीने (जांभळ्या मुक्त मूलकाचा रंग किती उतरतो ते पाहून) मोजणार म्हणालात, त्यावर भिस्त ठेवू नका. लायकोपीनचं खरं बळ सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जास्त ऊर्जेचं, घातक रूप) शमवण्यात आहे: सलग 11 संयुग्मित (एकाआड एक येणाऱ्या) दुहेरी बंधांची साखळी त्याची ऊर्जा घेते आणि उष्णतेच्या रूपात सोडून देते. डीपीपीएचमध्ये हे दिसतच नाही. शिवाय कच्च्या अर्कात पेशीतले इतर क्षपणकारक (इलेक्ट्रॉन देणारे) पदार्थही उतरतात, तेव्हा कोणतीही चाचणी करा, रिकामा प्लास्मिड (हे तीन जीन नसलेलं डीएनएचं वर्तुळ) असलेल्या पेशींचा अर्क त्याच दिवशी सोबत मोजा.