वाचकांचे प्रश्न : रस्त्याचे पाणी गाळणारा दुभाजक

प्रश्न : आमच्या रस्त्यावरील दुभाजकात भरलेली माती दर पावसाळ्यात रस्त्यावर वाहून येते. रस्त्याचे पाणी गटारातून बळ्ळारी नाल्यात जाते आणि नाल्याला पूर आला की तेच भातशेतीत शिरते. परदेशात दुभाजकातच पाणी मुरवून गाळतात, असे वाचले. आपल्याकडे ते जमेल का? डासांचे काय?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : जमेल, मात्र त्यासाठी दुभाजकाची घडणच उलटी करावी लागेल. आपले दुभाजक कुंडीसारखे उंच बांधलेले आणि काठोकाठ मातीने भरलेले असतात, त्यामुळे जोराची सर आली की माती बाहेर पडते. पाणी गाळणारा दुभाजक भाताच्या खाचरासारखा रस्त्यापेक्षा खोल असतो आणि त्याच्या कडेच्या दगडांत ठरावीक अंतरावर पाणी आत येण्यासाठी खाचा ठेवलेल्या असतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी या पद्धतीला आकार आला.

पहिल्या वळवाच्या पाण्यात सर्वांत जास्त घाण असते, कारण उन्हाळाभर साठलेले तेल, टायरच्या झिजेतील जस्त आणि ब्रेकच्या भुकटीतील तांबे त्यातून वाहते. वाळूमिश्रित मातीच्या दोन-तीन फुटी थरातून हे पाणी झिरपताना गाळ वर राहतो, धातू मातीच्या कणांना चिकटतात आणि तेलाचे विघटन मुळांभोवतीचे सूक्ष्म जीव करतात. खतांतून येणारे नायट्रेट मात्र बरेचसे तसेच पुढे जाते, म्हणून अशा दुभाजकात रासायनिक खत घालू नये.

१०० मीटर लांब व २ मीटर रुंद दुभाजकात १५ सेंटिमीटर पाणी थांबले, तर ३० हजार लिटर साठा होतो. दोन्ही बाजूंच्या सात-सात मीटर रस्त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडल्यास ३५ हजार लिटर पाणी येते, म्हणजे वळवाची एक चांगली सर त्यात जवळजवळ सामावते. जुलैच्या संततधारेत मात्र जमीन आधीच भिजलेली असते, तेव्हा नाल्याचा पूर यामुळे थांबेल, अशी आशा मी आपल्याला देणार नाही. त्यासाठी नाल्याची रुंदी आणि गाळ यांकडेच पाहावे लागेल.

खरी अडचण उताराची आहे. आपल्या दुभाजक असलेल्या रस्त्यांचा उतार बहुधा दुभाजकाकडून बाहेरच्या गटाराकडे असतो, त्यामुळे नुसते कडेचे दगड फोडून पाणी आत येणार नाही. रस्ता नव्याने बांधताना उतार आत वळवावा. ते शक्य नसेल, तर हीच रचना पदपथालगतच्या पट्ट्यात करावी. खानापूरकडच्या जांभ्याच्या जमिनीत पाणी सहज मुरते, पण वडगाव-येळ्ळूर शिवारातील काळ्या चिकण मातीत ते तुंबेल, म्हणून तेथे तळाशी छिद्रांची नळी घालून ती गटाराला जोडणे आवश्यक आहे.

डासांची अंडी घातल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो, आणि नीट बांधलेल्या दुभाजकातील पाणी दोन दिवसांत उतरते. त्याहून जास्त दिवस पाणी दिसले, तर वरचा थर गाळाने बुजला, असे समजावे. लावणीसाठी वाळा उत्तम, कारण त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात आणि पाण्याला वाटही करून देतात. खाचांशी साठलेला गाळ व प्लॅस्टिक मृगापूर्वी एकदा आणि पावसाळ्यात पुन्हा दोन-तीनदा काढावे लागते. हे काम कोणी करायचे, ते झाडे लावण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे.