भरपाईचा निकाल हाती आला, आता दार कोणतं ठोठवायचं?

कामावरच्या अपघाताच्या भरपाईबद्दल आलेल्या पत्रांत एक गोंधळ सारखा दिसतो. निकाल पटला नाही की एकजण ‘अपील कर’ म्हणतो, दुसरा ‘फेरविचार माग’ म्हणतो, आणि या ऐकीव सल्ल्यांत मुदत निघून जाते. चूक कोणत्या प्रकारची आहे त्यावर दार ठरतं. इथले प्रश्न 21 नोव्हेंबर 2025 पूर्वीच्या, म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीच्या अपघातांचे आहेत. म्हणून उत्तरं जुन्या कायद्यांवर, मुख्यतः 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यावर दिली आहेत.

प्रश्न : आमचं वर्कशॉप सात जणांचं, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही. जुलै 2022 मध्ये पॉवर प्रेसवर माझ्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. वय 35, पगार 18,000. आयुक्तांनी पगार 8,000 धरून 1,32,424 रुपये दिले. डॉक्टरांनी 40 टक्के अपंगत्व लिहिलं होतं, निकालात 14 टक्केच आहे. त्याच कोर्टात फेरविचार अर्ज टाकू का? – वाचक, भोसरी

उत्तर : फेरविचार अर्जात वेळ घालवू नका. महाराष्ट्रात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून काम करतात, आणि आयुक्तांना स्वतःचा निकाल गुणदोषांवर पुन्हा तपासण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. 1924 च्या नियमांतला नियम 32 सांगतो की निकालावर सही होऊन तो जाहीर झाला की त्यात फक्त लेखनाची किंवा आकडेमोडीची अनवधानाने झालेली चूक दुरुस्त करता येते. त्यापलीकडे एक ओळही बदलत नाही.

म्हणून आधी निकालातला ‘पगार’ या मुद्द्याचा परिच्छेद काढून नीट वाचा. तिथे ‘पगार 15,000 धरावा’ असं लिहून खाली गुणाकार मात्र 8,000 ने केला असेल, तर ती आकडेमोडीची चूक. नियम 32 खाली साधा दुरुस्ती अर्ज पुरेसा. ‘मर्यादा 8,000 आहे’ असं कारण देऊन 8,000 धरले असतील, तर ती कायद्याची चूक आणि तिचं दार हायकोर्टात, कलम 30 खाली.

तुमच्या बाबतीत चूक आहे हे नक्की. पगाराची 8,000 ची मर्यादा 31 मे 2010 पासून होती, ती 3 जानेवारी 2020 पासून 15,000 झाली. अपघाताच्या तारखेला जी मर्यादा लागू, तीच धरायची. हिशोब असा : 15,000 चे 60 टक्के म्हणजे 9,000. पस्तीस वर्षांचा गुणक चौथ्या अनुसूचीत 197.06 आहे. गुणाकार 17,73,540. त्याचे 14 टक्के 2,48,296 रुपये. म्हणजे 1,15,872 रुपये कमी मिळाले. अपिलासाठी वादातली रक्कम निदान 10,000 हवी (2017 पूर्वी ही अट 300 रुपयांची होती), तो अडसर तुम्हाला नाही.

खरी अडचण पुढे आहे. हायकोर्ट हे अपील ‘कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न’ असेल तरच ऐकतं. कितीतरी अपिलांच्या मसुद्यात ‘निकाल चुकीचा, अन्यायकारक व पुराव्याविरुद्ध आहे’ एवढंच असतं आणि ती पहिल्याच तारखेला अडकतात. तुमच्या वकिलांनी प्रश्न स्वतंत्र परिच्छेदात, नेमका मांडायला हवा. उदाहरणार्थ : ‘3 जानेवारी 2020 ची अधिसूचना लागू असताना जुनी मर्यादा धरून भरपाई काढणं कायद्याला धरून आहे का?’

आता 40 टक्क्यांचं. अपंगत्वाचा दाखला शरीराचं नुकसान मोजतो, भरपाई कायदा कमाईची क्षमता किती घटली ते मोजतो. तर्जनी पूर्ण गेली तर पहिल्या अनुसूचीत 14 टक्के लिहिलेले आहेत. त्याहून जास्त मागायचं तर तुम्ही जे काम करत होता ते आता का जमत नाही, याचा पुरावा लागतो. सुप्रीम कोर्टाने प्रतापनारायण सिंग देव यांच्या खटल्यात डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराची क्षमता शंभर टक्के गेली असं मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमचे डॉक्टर साक्षीला आले होते का, त्यांची उलटतपासणी झाली का, ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) पाहा. नुसता दाखला फाइलला जोडला असेल आणि डॉक्टर आलेच नसतील, तर या मुद्द्यावर हायकोर्टात फार आशा धरू नका. जोर पगाराच्या मुद्द्यावर द्या.

निकालात व्याज आहे का तेही बघा. मालकाने रक्कम देय झाल्यापासून महिन्यात भरली नाही, तर सरळव्याज 12 टक्के मिळायला हवं आणि ते अपघाताच्या तारखेपासून मोजायचं. 2,48,296 वर वर्षाला ते जवळपास 29,800 रुपये होतं. आदेशात व्याजाची ओळच नसेल तर तो मुद्दाही अपिलात घ्या.

मुदत 60 दिवसांची. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज उशिरा दिला तर आधी वाया गेलेले दिवस परत मिळत नाहीत. नकलेच्या मागच्या पानावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखांचे शिक्के असतात. ते पान हरवू नका, मुदत त्यावरूनच मोजतात. मुदत टळली असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो, त्यात उशिराचं कारण तारखांसह लिहा. पुण्याचं अपील मुंबईला जातं. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

प्रश्न : माझे पती ट्रकचालक होते, ड्युटीवर असताना वारले. माझा दावा वकील दोन तारखांना हजर न राहिल्याने ‘गैरहजेरीत’ काढून टाकला. अपील करायचं का? – वाचक, सांगोला

उत्तर : ताई, अपिलाआधी त्याच आयुक्तांपुढे जा. 1924 च्या नियमांतल्या नियम 41 मुळे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 9 इथे लागू होतो, त्यामुळे गैरहजेरीत काढलेला दावा पुन्हा बोर्डावर घेता येतो. अर्ज 30 दिवसांत द्या. सोबत तुमचं शपथपत्र, त्या दोन्ही तारखांच्या रोजनाम्याची नक्कल आणि तुम्हाला निकाल कधी व कसा कळला याचा तपशील हवा. ‘वकील आले नाहीत’ एवढं लिहून भागत नाही. त्या दिवशी तुम्ही कुठे होता, तारीख तुम्हाला कळवली होती का, हेही लिहा. 30 दिवस उलटले असतील तर सोबतच विलंबमाफी मागा. नवा दावा टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर थांबा. त्या दिवशी मालकाचा किंवा विमा कंपनीचा वकील हजर होता, तर त्याच कारणावर नवा दावा चालत नाही.

हेच उलट बाजूनेही होतं. मालक आला नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला, तर तोही आदेश 9 खाली तो रद्द करून मागू शकतो. म्हणून मालकाला नोटीस बजावल्याची पोचपावती जपून ठेवा.

प्रश्न : बांधकामावर पडून भावाचा मृत्यू झाला. वहिनीच्या बाजूने निकाल लागला, पण ठेकेदार हायकोर्टात गेला. आता वर्षानुवर्षं पैसे अडकणार का? – वाचक, कणकवली

उत्तर : सहसा नाही. मालकाने भरपाईच्या आदेशाविरुद्ध अपील करायचं तर निकालात ठरलेली रक्कम आधी आयुक्तांकडे भरावी लागते, आणि ती भरल्याचा आयुक्तांचा दाखला अपिलाला जोडावा लागतो. दाखला नसेल तर अपील स्वीकारायलाच नको, हा आक्षेप पहिल्या तारखेला घ्या. रक्कम भरलेली असेल तर हायकोर्टाने स्थगिती दिली आहे का ते पाहा. नुसतं अपील दाखल होणं म्हणजे स्थगिती नव्हे. स्थगिती नसेल तर आयुक्तांकडे, असेल तर हायकोर्टात रक्कम काढण्याचा अर्ज द्या. अल्पवयीन मुलांचा वाटा बँकेत ठेव म्हणून राहतो, तो लगेच हाती येत नाही.

ठेकेदाराचं म्हणणं ‘तो माझा कामगारच नव्हता’ असं असेल, तर हा मुख्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न. गोला राजण्णा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की वस्तुस्थितीवर आयुक्तांचा निर्णय अंतिम मानायचा, हायकोर्टाने पुरावा नव्याने तोलायचा नाही. एक मात्र लक्षात ठेवा : भरपाई वाढवून हवी असेल तर ठेकेदाराच्या अपिलावर विसंबू नका, वहिनींचं स्वतंत्र अपील त्याच 60 दिवसांत जाऊ द्या. 18 ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईच्या खेपा वाचतील.

प्रश्न : यंत्रमागावर हाताला इजा झाल्यावर मालकाने स्टॅम्पपेपरवर सही घेऊन 60,000 दिले, ‘पुढे काही मागणार नाही’ असं लिहून घेतलं. आता काहीच करता येणार नाही का? – वाचक, इचलकरंजी

उत्तर : येतं. हक्क सोडून देणारा असा करार कलम 17 खाली रद्दबातल ठरतो. भरपाईचा समझोता करायचा तर त्याची टिपणी आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी झालीच नसेल तर मालक पूर्ण भरपाईला जबाबदार राहतो. आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही, तर दिलेल्या 60,000 पैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे 30,000 पेक्षा जास्त, तो वळते करून घेऊ शकत नाही. दावा अपघातापासून दोन वर्षांत करा. उशीर झाला असेल तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो.

मात्र समझोता आयुक्तांसमोरच झाला आणि त्यावरून आदेश निघाला, तर त्यावर अपील चालत नाही. तिथे सही करण्यापूर्वी रक्कम स्वतः गुणून बघा. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई धरलेच जात नाहीत. फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वजा होते.

प्रश्न : मी ईएसआयमध्ये आहे. मेडिकल बोर्डाने अपंगत्व फार कमी धरलं. भरपाई आयुक्तांकडे जाऊ? – वाचक, बुटीबोरी

उत्तर : ईएसआयखालच्या कामगाराला 1923 च्या कायद्याचा दावा करता येत नाही, तिथे ईएसआय कायद्याचं कलम 53 आडवं येतं. बोर्डाचा निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे किंवा थेट ईएसआय न्यायालयात अपील करा. दुखणं नंतर वाढलं असेल तर कलम 55 खाली बोर्डाकडूनच पुनर्विलोकन मिळतं. त्याला एरवी पाच वर्षं थांबावं लागतं, तात्पुरत्या मूल्यांकनाला सहा महिने. मेडिकल अपील ट्रिब्युनलने परवानगी दिली तरच त्याआधी. बोर्डाच्या पत्रात मूल्यांकन तात्पुरतं आहे की कायम, तो शब्द आधी शोधा. अर्जाला नवे एक्स-रे आणि ताजे वैद्यकीय कागद जोडा, जुन्याच कागदांवर वाढ दाखवता येत नाही.