बाद झाल्यानंतरची दहा मिनिटं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. चौदा वर्षांखालच्या मुलांचं क्रिकेटचं तंत्र बरं आहे, पण सामन्यात डोकं ठिकाणावर राहत नाही, त्यावर काही व्यायाम सांगा, असं तू लिहिलंयस. तुझा सलामीवीर भोपळाही न फोडता परतला, तेव्हा तू कपाळावर हात मारून घेतलास, हेही त्याच पत्रात आहे. ते त्या पोरानं अर्ध्या वाटेवरूनच पाहिलं असणार. म्हणून सुरुवात तुझ्यापासून करू.

माझी एक चूक सांगतो. एका मुलाला स्वीप, म्हणजे फिरकीला गुडघा टेकून आडव्या बॅटनं मारायचा फटका, फार सुरेख जमायचा. एकदा त्याच फटक्यावर तो पायचीत झाला आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. पुढचे चार सामने त्यानं स्वीप मारलाच नाही; फिरकी आली की क्रीजमध्ये खिळून राहायचा आणि बाद व्हायचा. मला वाटलं होतं, मी शिस्त लावतोय. प्रत्यक्षात त्याचा हुकमी फटका मीच काढून घेतला होता. तो परत मिळवायला आम्हा दोघांना अख्खा हंगाम लागला.

तेव्हापासून मुलगा बाद होऊन आला की दहा मिनिटं मी तोंड उघडत नाही. पॅड काढू दे, पाणी पिऊ दे, रडायचं तर रडू दे. मग एकच विचारतो : ‘चेंडू काय करत होता?’ ‘असा फटका का मारलास?’ असं विचारलं की मूल सबबी शोधू लागतं. चेंडूबद्दल विचारलं की ते आठवू लागतं. ‘आत आला’, ‘थांबून आला’, ‘दिसलाच नाही’, यातलं काहीही उत्तर असो, उद्याच्या सरावाचा विषय तुला मिळतो.

‘डोकं शांत ठेव’ हे वाक्य मात्र टाकून दे. शांत डोकं म्हणजे नेमकं काय करायचं, हे बारा वर्षांच्या मुलीला कसं कळणार? तिला करता येईल असं काहीतरी सांग. हिशेब बघ : साठ चेंडू खेळलेल्या फलंदाजासाठी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम पाच-सहा मिनिटं. उरलेला सगळा वेळ दोन चेंडूंच्या मधला, आणि पोरं हरवतात ती तिथेच. मघाशी चेंडू हुकला, समोरचा काहीतरी पुटपुटला, बाबा कुंपणाशी उभे आहेत. म्हणून त्या मधल्या वेळाला ठरलेलं काम दे. चेंडू मेला की स्क्वेअर लेगकडे चार पावलं, लांब कुठेतरी नजर, ग्लोव्हजची पट्टी, परत गार्ड, आणि गोलंदाज धावू लागला की फक्त त्याचा हात. हे नेटमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, रोज करून घे, नाहीतर सामन्यात आठवणार नाही. आणि सतत एकाग्र राहा असंही सांगू नकोस. तसं कुणालाच जमत नाही.

नेटचा एक दोष आहे. तिथे बाद झालं तरी काही बिघडत नाही, पुढचा चेंडू येतोच. आठवड्यातून एकदा तरी नियम कर : बाद झालास की पॅड उतरव, तुझी पाळी संपली. पहिल्या चेंडूवर गेलास तरी. पहिले काही दिवस पालक तक्रार करतील, करू देत. गोलंदाजांसाठीही तसंच. मनातलं क्षेत्ररक्षण आधी मोठ्यानं सांग, बारा चेंडूंत नऊ धावा वाचवायच्यात, आणि नो-बॉल पडला तर तो मोजायचा. नेटमध्ये पाय रेषेपुढे टाकणारा सामन्यातही तिथेच टाकतो.

संयम हा स्वभावच असावा लागतो, असं तुला वाटतं. मला तो बराचसा आधी घेतलेला निर्णय वाटतो. 2004 च्या सिडनी कसोटीतला सचिन आठव. त्या मालिकेत तोवर त्याचं एक अर्धशतकही नव्हतं. कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही असं त्यानं ठरवलं, 436 चेंडू खेळला आणि नाबाद 241 केल्या. तुझ्या सलामीवीरालाही असा एकच निर्णय घेऊ दे. पहिले वीस चेंडू कोणता फटका बंद, हे त्यानं सांगायचं, तू नाही. ठरवलेलं पाळलं की शाबासकी द्यायची, मग धावा दोन का असेनात. हे शेवटचं तुला जड जाईल. मलाही गेलं होतं.

पालकांना श्रीलंकेचा फलंदाज मर्वन अटापट्टूचे आकडे दाखव. पहिले सहा कसोटी डाव : 0, 0, 0, 1, 0, 0. त्यात तीन वर्षांहून जास्त काळ गेला. पुढे याच माणसानं कसोटीत सहा द्विशतकं ठोकली. मुलांनाही दाखव, पण बाद झाल्याच्या दिवशी नको. त्या दिवशी कुणाचीच गोष्ट कानात शिरत नाही.

रविवारी सामना आहे म्हणतोस. धावफलक नको पाठवूस. कोण बाद झाल्यावर कसा परतला, पुढच्या दहा मिनिटांत तू काय केलंस, आणि ‘चेंडू काय करत होता’ याला काय उत्तर मिळालं, तेवढं कळव.

तुझा,
सर