नोटीस आली, लिलाव अजून व्हायचाय: घरकर्जाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शिरोली एमआयडीसीतल्या मशीनशॉपमधले काम सुटले. २४,००० रुपयांचे पाच हप्ते थकले आणि राष्ट्रीयीकृत बँकेची ६० दिवसांची नोटीस आली. एकूण बाकी २४ लाख ६० हजार. फ्लॅट २७ लाखांना घ्यायला एक जण तयार आहे. बँकेला न सांगता साठेखत करून टाकू का?
— वाचक, फुलेवाडी

उत्तर: बँकेला न सांगता मुळीच नको. तुम्हाला आलेली नोटीस सरफेसी कायद्याच्या, म्हणजे तारण मालमत्तेतून कर्ज वसूल करण्याच्या कायद्याच्या, कलम १३(२) खालची आहे. ती हातात पडल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय फ्लॅट विकता किंवा भाड्याने देता येत नाही. असे साठेखत तुम्हालाही अडचणीत आणेल आणि बिचाऱ्या घेणाऱ्यालाही. संमती घेऊन मात्र जरूर विका. २७ लाखांत कर्ज फिटून वर २ लाख ४० हजार तुमच्या हातात राहतात. लिलावात किंमत सहसा याच्या खाली जाते, शिवाय मूल्यांकन आणि जाहिरातीचा खर्च तुमच्याच खात्याला लागतो.

त्याआधी एक शक्यता तपासा. तुमची थकबाकी १ लाख २० हजार अधिक व्याज आणि आकार एवढी आहे. नवे काम मिळाले असेल आणि एवढी रक्कम उभी राहत असेल, तर खाते नियमित करून घेता येईल का, हे शाखेला लेखी विचारा. एकदोन हप्ते भरून भागणार नाही. ९० दिवस थकून एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत गेलेले खाते सगळी थकबाकी भरल्याशिवाय त्या यादीतून बाहेर येत नाही. इथेच बरेच जण फसतात: सोने गहाण ठेवून एक हप्ता भरतात आणि कारवाई थांबली असे समजतात. ती थांबत नाही, आणि सोनेही अडकते.

विकायचेच ठरले तर पहिला अर्ज नोटीस काढणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याला करा. त्यात विक्रीची संमती आणि कर्ज बंद करण्याच्या रकमेचे पत्र मागा. पत्रात ठरावीक तारखेची रक्कम, त्यापुढे रोजचे व्याज आणि पत्राची मुदत हे तिन्ही हवे. खातेउताराही घ्या. १ एप्रिल २०२४ पासून बँकेला दंडव्याज लावता येत नाही, दंड आकार लावता येतो, आणि त्या आकारावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात काही खटकले तर ६० दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी बोलण्याला पुढे कोणी विचारत नाही.

व्यवहार अडतो तो घेणाऱ्याच्या कर्जापाशी. मूळ कागद तुमच्या बँकेत आणि त्याची बँक म्हणते कागद दाखवा. म्हणून तुमच्या बँकेकडून जमा कागदपत्रांची यादी आणि ‘अमुक रक्कम मिळताच कागद देऊ’ असे पत्र आधी घ्यावे. घेणाऱ्याच्या बँकेचा डीडी तुमच्या नावे नको, थेट कर्जखात्याच्या नावे निघू दे. बयाणाही त्याच खात्यात जमा करायचा, त्याने घेणाराही निर्धास्त राहतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. १ डिसेंबर २०२३ पासून मोकळ्या झालेल्या कागदांना हा रिझर्व्ह बँकेचा नियम लागू आहे.

आता मुदतीबद्दल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, सगळी बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. ‘बघू की, मॅनेजर ओळखीचा हाय’ यात आपल्याकडे दोन महिने सहज जातात. तोवर फाईल वसुली विभागाकडे गेलेली असते आणि ओळखीच्या मॅनेजरच्या हातात काही उरत नाही.

बँकेने ताब्याची कारवाई केली तर त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाता येते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यासाठी ते पुण्याला आहे. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले म्हणून स्टे इथेच मिळेल, असे धरून बसू नका. डीआरटीची वाट मोकळी असताना उच्च न्यायालय अशा प्रकरणात सहसा हात घालत नाही.

प्रश्न: पतसंस्थेचे १९ लाख देणे आहे. घराला १६ लाखांच्या वर कोणी मागत नाही. विकून १६ लाख भरले तर सुटका होईल?
— वाचक, इचलकरंजी

उत्तर: तसे लेखी मिळाले तरच. पतसंस्थेला सरफेसी लागू नाही. सहकारी बँकांना लागू आहे. बँकांबाबतचा वाद आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी मिटवला. पतसंस्था जाते सहकार कायद्याच्या कलम १०१ ने: उपनिबंधकांकडून वसुली दाखला, मग त्याच कायद्याच्या नियमावलीतल्या नियम १०७ खाली जप्ती आणि लिलाव. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, मागता येते, पण आधी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. हातात पैसे नसलेल्याला त्याचा उपयोग फारसा नाही.

म्हणून एकरकमी तडजोडीचा अर्ज करा. सोबत घेणाऱ्याचे लेखी मागणीपत्र आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल जोडा. लिलाव केला तरी याहून जास्त येणार नाही, हे संचालकांना आकड्यांत दिसले पाहिजे. मंजुरीच्या पत्रात मात्र ‘१६ लाख मिळाल्यावर कर्ज पूर्ण फिटले, दाखला निकाली, जामीनदार मुक्त’ असे स्पष्ट हवे. नुसते ‘१६ लाख जमा’ लिहिले तर उरलेले ३ लाख जामीनदाराच्या पगारातून जातील आणि भावकीत कायमचे वितुष्ट येईल. बँकेशी अशी तडजोड केली तर सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, खाते ‘सेटल्ड’ दिसते, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढची काही वर्षे नवे कर्ज अवघड जाते.

नियम १०७ चा लिलाव होऊन गेला तरी ३० दिवस हातात असतात. जाहीरनाम्यातली थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून लिलाव रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

प्रश्न: बँकेच्या लिलावात दुधाळीजवळचा फ्लॅट ३२ लाख राखीव किमतीला आहे. जाहिरातीत ‘प्रतीकात्मक ताबा’ लिहिले आहे. घ्यावा का?
— वाचक, राजारामपुरी

उत्तर: प्रतीकात्मक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, आत माणसे राहतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. कायद्यात ३० दिवस, फार तर ६० दिवस असले तरी प्रत्यक्षात जास्त लागतात. आदेश झाला आहे का, त्याची प्रत मागा. नुसता अर्ज केलेला असेल तर आम्ही या फ्लॅटपासून लांब राहू, निदान राहायला घर हवे असेल तर. आत भाडेकरू आहे का आणि पुण्याच्या डीआरटीत दावा चालू आहे का, हेही बघा.

पैशांचे वेळापत्रक कडक असते. बोलीआधी अनामत, सहसा राखीव किमतीच्या १० टक्के, म्हणजे ३ लाख २० हजार. बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी अनामत धरून २५ टक्के. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदतवाढ बँकेने लेखी मान्य केली तरच, तीही एकूण तीन महिन्यांपुढे नाही. चुकले तर भरलेली रक्कम जप्त, आणि ही जप्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये योग्य ठरवली आहे. तेव्हा कर्जाची मंजुरी बोलीआधी हातात हवी.

‘जसे आहे जिथे आहे’ या अटीमुळे जुने देणे बहुधा तुमच्या गळ्यात येते. महापालिकेचा घरफाळा, पाणीपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि महावितरणची थकबाकी यांचे आकडे त्या त्या ठिकाणाहून लेखी घ्या आणि बोलीतून वजा करा. विजेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा, वकिलाकडून ३० वर्षांच्या मालकी नोंदींचा सर्च घ्या आणि दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का ते सेरसाईवर, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीत, तपासा.

दुधाळीचा भाग असल्याने पाटबंधारे विभागाच्या नकाशावर इमारत पूररेषेच्या आत येते का, तेही बघून घ्या. २०१९ आणि २०२१ ला पार्किंगमध्ये पाणी किती होते, ते शेजारचा दुकानदार भिंतीवर हात लावून दाखवेल.